‘मला दोडका आवडत नाही’ म्हणजे नेमकं काय?

निवेदकांनी माझी ओळख करून देताना पदव्या सांगितल्या, किती वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं ते सांगितलं. एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण त्यांना ती ठाऊक नाही. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत तुमच्यासमोर उभा असलेला हा माणूस एकूण सहा भाज्या खात होता. बटाटा, कांदा, टोमॅटो, मटार, फ्लॉवर आणि मेथी. मेथीसुद्धा पराठ्यात लपवलेली. (हशा) हसा, हसा. तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या घरी असा एक तरी माणूस असणार, आणि तो बहुधा पुरुष असणार.

सात वर्षांपूर्वी पत्नीचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. आम्ही डबा लावला. डब्यात रोज जे यायचं त्यातलं मी काही खात नसे, आणि डब्यातली भाजी तिला पसंत पडत नसे. आठवड्याभरात डबा बंद केला. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सांगणार, आणि मी ओट्यापाशी उभा राहून करणार, असं ठरलं. आज जे बोलणार आहे त्याचा उगम त्या ओट्याशी आहे.

आधी थोडं व्याकरण बघू. ‘मी दोडका खातो’, ‘मी भेंडी खातो’, ‘मी कारलं खातो’. क्रियापद माझ्यामागे चालतं. खाणारा मी, जबाबदारी माझी. आता दुसरं वाक्य घ्या. ‘मला दोडका आवडतो’, ‘मला भेंडी आवडते’, ‘मला कारलं आवडतं’. आता क्रियापद भाजीमागे फिरायला लागलं. आणि मी कुठे गेलो? मी चतुर्थीत जाऊन बसलो. जे काही करायचं ते दोडक्यानं करायचं, आणि मी नुसता पाट मांडून बसलेला. म्हणून ‘मला दोडका आवडत नाही’ हे वाक्य बोलताना आपल्याला कधी वाटतच नाही की आपण काही करतो आहोत. दोडकाच कमी पडला, असा सूर असतो. भाषेला दोष देत नाही मी. पण या वाक्याच्या आडोशाला मी सदुसष्ट वर्षं बसलो होतो, हे खरं.

बरं, मग नावड म्हणजे निव्वळ हट्ट का? तर नाही. घरातली माणसं इथेच चुकतात. कडू चवीबद्दल शरीर सावध असतं, कारण निसर्गातली पुष्कळ विषं कडू असतात. वनस्पतीला पळता येत नाही, म्हणून ती कडवट रसायनांनी स्वतःचं रक्षण करते. शिवाय सगळ्यांच्या जिभा सारख्या नसतात. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पूड उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, केवढी कडू आहे! फॉक्सला काहीच चव लागेना. पुढे लक्षात आलं की हा फरक आनुवंशिक आहे. कोबी, मोहरी, मुळा या कुळातल्या भाज्यांचा कडवटपणा काहींना जास्त जाणवतो, त्यामागे हेच कारण असू शकतं. तेव्हा ‘एवढं काय कडू आहे त्यात?’ असं कुणाला दरडावू नका. त्याला लागत असेल कडू.

दुसरं कारण आठवणींचं. १९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांवर प्रयोग केला. गोड पाणी पाजलं आणि त्याच सुमारास त्यांना आजारी पाडणारं किरणोत्सर्गाचं प्रारण दिलं. त्यानंतर उंदीर त्या गोड पाण्याला तोंड लावीनात. दोष पाण्याचा नव्हता, पण शरीरानं खूणगाठ बांधून टाकली. मी नऊ वर्षांचा असताना एका लग्नात वांग्याची भाजी खाल्ली आणि त्या रात्री तापानं फणफणून उलट्या केल्या. ताप बहुधा दोन दिवस आधीपासूनच अंगात होता. पण शिक्षा झाली वांग्याला. जवळजवळ साठ वर्षं!

दोडक्याचं प्रकरण निराळं. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या खाणावळीत आठवड्यातून तीनदा दोडका असायचा. पाणी घालून शिजवलेला, वर तेलाचा तवंग, आत लिबलिबीत फोडी. मला न आवडलेली गोष्ट दोडका नव्हती, ती त्या खाणावळीची रीत होती. हे मला कधी कळलं? स्वतः दोडका चिरला तेव्हा. दोडक्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. फोडणीत टाकून मीठ घातलं की तो स्वतःच पाणी सोडतो. त्यात वरून तांब्याभर पाणी ओतायचं कारणच नाही. हिंग-मोहरीची फोडणी, भिजवलेली मुगाची डाळ, झाकण, मंद गॅस, शेवटी दाण्याचं कूट आणि चिमूटभर गूळ, एवढंच. आणि सोललेल्या शिरा फेकायच्या नाहीत. तीळ, सुकं खोबरं, मिरची घालून त्यांची चटणी होते. पहिल्यांदा मी चटणी खाल्ली आणि भाजी बाजूला सारली. चौथ्या वेळी भाजीही खाल्ली.

तेव्हा माझा पहिला सल्ला तत्त्वज्ञानाच्या वर्गातला आहे: विश्लेषण करा. ‘आवडत नाही’ हा निकाल झाला. खटला कशावर चालला ते विचारा. वास नको आहे, चव नको आहे, की जिभेला होणारा स्पर्श नको आहे? मराठीत स्पर्शासाठी किती शब्द आहेत बघा. बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, पिचपिचीत, चरचरीत, कुरकुरीत. मी यादी करायला बसलो तेव्हा दिसलं की माझ्या दहा नावडत्या भाज्यांपैकी सहा-सात स्पर्शासाठी नावडत्या होत्या. चवीशी माझं भांडणच नव्हतं. आणि स्पर्श तर सर्वस्वी रांधणाऱ्याच्या हातात असतो.

भेंडीच घ्या. तिचा बुळबुळीतपणा म्हणजे पाण्यात विरघळणारा चिकट द्राव. पाणी मिळालं की तो पसरतो. म्हणून भेंडी आधी धुवायची, फडक्यानं कोरडी पुसायची, आणि मगच चिरायची. चिरून धुतली की संपलं. पसरट कढईत परतायची, झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी. एखादं आमसूल टाकायचं, आंबटानं तार तुटते. कोबीचं उलट. तो फार वेळ शिजवला की त्यातून गंधकाचा वास सुटतो, कुजकट, आणि तोच वास लहानपणापासून आपल्या डोक्यात बसलेला असतो. बारीक चिरून भरभर परतला की तोच कोबी गोडसर लागतो. भाजी तीच, फरक पाच-सात मिनिटांचा.

आता कारलं. आपल्याकडे म्हण आहे, कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. माणसाच्या स्वभावाबद्दल ती खरी असेल. कारल्याबद्दल नाही. चूक अशी की आपण कडूवर साखर चढवायला जातो. कडूला दाबणारा खरा पदार्थ मीठ आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध झालं. मीठ जिभेवरचा कडवटपणा कमी करतं आणि त्यामुळे मागे दडलेली गोडी पुढे येते. आपल्या आज्या कारल्याला मीठ चोळून अर्धा तास ठेवत आणि पिळून घेत, त्यांना ‘नेचर’ वाचावं लागलं नव्हतं. पातळ चकत्या, मीठ, पिळणं, मग तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतणं. गूळ आणि आमसूल नंतर. कडवटपणा पूर्ण जात नाही, जाऊही नये. गुढीपाडव्याला आपण वर्षाची सुरुवात कडुनिंबानं करतो, तेव्हा कडूशी आपली ओळख अगदीच नाही असं नाही. जाता जाता एक गंमत सांगतो. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट, आणि कडूला ‘तिक्त’ म्हणतात. मराठीत येता येता ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि अर्थाची अदलाबदल झाली. आयुर्वेदाची पुस्तकं वाचताना पुष्कळ लोक इथे फसतात.

मात्र एक सावधगिरी. दुधी चिरल्यावर इवलासा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर तो दुधी सरळ टाकून द्या, रस तर मुळीच पिऊ नका. कडू दुधीनं विषबाधा होते, माणसं दगावली आहेत. जीभ दर वेळी खोटं बोलत नाही. पूर्वग्रह कुठला आणि इशारा कुठला, हे ओळखायलाही भाजीची ओळख लागते.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा अभिरुचीवर एक निबंध आहे, १७५७ सालचा. मी तो वर्गात किती वेळा शिकवला असेन! त्यात ‘डॉन किहोते’मधली गोष्ट येते. दोन जाणकारांना पिपातली दारू चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, लोखंडाची येते. लोक दोघांची टर उडवतात. पीप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली. ह्यूमचं म्हणणं, रुची ही नुसती लहर नाही. सरावानं, तुलनेनं आणि पूर्वग्रह बाजूला ठेवून ती घडवता येते. मी हे पोटतिडकीनं शिकवायचो आणि घरी येऊन म्हणायचो, आज काय आहे? पडवळ? मग माझ्यासाठी बटाट्याच्या काचऱ्या टाक.

आणि ती टाकायची. मला सांगायचंय ते इथे आहे. प्लॅस्टरच्या तिसऱ्या आठवड्यात मी पिशवी घेऊन मंडईत निघालो, तेव्हा ती म्हणाली, “अहो, शेपूची एक जुडी आणाल?” मी म्हणालो, “शेपू? आपल्याकडे कधी असतो?” ती म्हणाली, “आपल्याकडे नसतो. आईकडे आठवड्यातून दोनदा असायचा.” लग्नाला तेव्हा एकोणचाळीस वर्षं झाली होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी म्हणालो होतो की मला त्या वासानं मळमळतं. मला ते आठवतही नव्हतं. तिनं एकोणचाळीस वर्षं शेपू घरात आणला नव्हता. मी तिच्यावर कधी ओरडलो नाही, ताट कधी भिरकावलं नाही, आणि त्यामुळे स्वतःला मोठा सोशिक समजत होतो. ‘मला आवडत नाही’ एवढंच म्हणालो होतो. आवड ज्याची त्याची, म्हणतात. पण तिची आवड कुठे गेली होती? रोजची ती दुसरी भाजी, काचऱ्या, कुणाच्या वेळातून होत होती? नावडतीचं मीठ अळणी, ही म्हण आपण बायकांवर रचली. पण त्या म्हणीत ताटावर बसून निकाल देणारा कोण आहे, हे मी कधी बघितलंच नाही.

त्या दिवशी शेपू मीच केला. भिजवलेली मुगाची डाळ, भरपूर लसूण, लोखंडी कढई. निवडताना खिडकी उघडी ठेवली होती. तिनं भाकरीबरोबर खाल्ला, दुपारी आणि उरलेला रात्रीही. मी खाल्ला नाही.

आता सरावाबद्दल. लहान मुलांवरच्या अभ्यासांत असं आढळलं की नवी भाजी पसंत पडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते, आणि बहुतेक आया तीन-चार प्रयत्नांत हात टेकतात. मोठ्यांचं गणित इतकं नेमकं सांगता येणार नाही. पण रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की नुसत्या वारंवार ओळखीनंही वस्तूबद्दल आपुलकी वाढते. मी एकच नियम केला. एक घास, जबरदस्ती नाही, पण टाळाटाळही नाही, आणि दिनदर्शिकेवर टिंब. ॲरिस्टॉटल म्हणतो तसं बांधकाम करूनच माणूस गवंडी होतो. खाऊनच खाणारा होतो. आधी आवड निर्माण होईल आणि मग खाईन, असं म्हणणारा पाण्यात न उतरता पोहायला शिकू पाहतो. आणि दुसरी गोष्ट, जी निवडली, चिरली, फोडणीत टाकली, ती भाजी ताटात परकी राहत नाही. कच्च्या दोडक्याला काकडीसारखा वास येतो, हे सदुसष्ट वर्षं मला माहीत नव्हतं.

काही माणसांचं असं टिंबं मांडून भागत नाही. मोजकेच पदार्थ खाणं, नव्या पदार्थाच्या नुसत्या दर्शनानं घशाशी येणं, वजन घटणं, चारचौघांत जेवायला जाणंच बंद होणं, याला २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात आजार म्हणून स्वतंत्र जागा आहे. तिथे डॉक्टरकडेच जावं. ‘लाड झालेत’ म्हणू नये.

चिठ्ठी आली आहे, की सुरुवात कुठल्या भाजीनं करावी? जे खाता त्याच्या शेजारच्या घरापासून करा. बटाटा खाणाऱ्यानं सुरणाचे काप करावेत. हाताला तेल लावून चिरा आणि फोडी आमसुलाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर घसा खाजेल आणि मला शिव्या द्याल. मटार खात असाल तर पावटा. मेथी खात असाल तर चाकवत, ताकातला. गवार अजून मला जमलेली नाही, अकरा टिंबं झाली. आणि शेपू लगेच आणू नका. मला त्याच्या पहिल्या घासापर्यंत पोचायला दीड वर्ष लागलं. आता गुरुवारी असतो आमच्याकडे.