लोकस्मृती : इतिहासाचे अलिखित दप्तर

इतिहास म्हटला की बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि सरकारी दप्तरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्यांची बाजू लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही, त्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा? तो त्यांच्या सांगण्यात, मानपानांत आणि उत्सवांत शोधावा लागतो. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील कुंकळ्ळी हे गाव त्याचे बोलके उदाहरण होय.

सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. १५६७ मध्ये तेथील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली. कुंकळ्ळी व शेजारच्या गावांनी या धोरणास विरोध केला. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहण्यास आलेल्या मंडळींवर गावकऱ्यांनी हल्ला केला. त्यात पाच जेझुइट धर्मोपदेशक व त्यांच्या समवेतचे काही लोक मारले गेले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. गावकरीचे हक्कही काढून घेण्यात आले.

या घटनेची लेखी माहिती प्रामुख्याने एकाच बाजूची आहे. मृत धर्मोपदेशकांची नावे त्यांच्या संघाने जतन केली, आणि १८९३ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना हुतात्मे म्हणून गौरविले. गावप्रमुखांची बाजू टिकली ती मुख्यत्वे गावाच्या स्मरणात. त्यांपैकी एकाने साळ नदीत उडी टाकून प्राण वाचविले, असे आजही सांगितले जाते.

हे स्मरण केवळ शब्दांवर विसंबून राहिलेले नाही. ग्रामदेवता शांतादुर्गा पोर्तुगीज हद्दीबाहेरील फातर्पे येथे नेण्यात आली. आजही ती ‘कुंकळ्ळीकरीण’ म्हणूनच ओळखली जाते. नावातच स्थलांतराचा इतिहास आहे. दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत छत्र्यांची मिरवणूक फातर्प्याहून देवीच्या मूळ गावी येते. छत्र्या बारा असतात, कारण कुंकळ्ळीचे वांगड बारा. धर्म बदललेल्या घराण्यांनाही आपले वांगड ठाऊक असते, आणि ख्रिस्ती ग्रामस्थही या उत्सवात सहभागी होतात. गावकरीचे हक्क गेले, तरी घराण्यांचा क्रम व मान उत्सवाने राखला.

अर्थात, मौखिक परंपरा जशीच्या तशी प्रमाण मानता येत नाही. काळाच्या ओघात दोन घटना एकत्र होतात, आकडे बदलतात, आपल्या घराण्याचा पराक्रम वाढवून सांगितला जातो. कागदपत्रेही पक्षपातापासून मुक्त नसतात. म्हणून दोन्ही साधने शेजारी ठेवून पडताळावी लागतात. जेथे ती जुळत नाहीत, तेथे लोकांना काय जपावेसे वाटले हे उमगते.

या कामी ग्रामीण शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. वृद्ध व्यक्तीची संमती घेऊन तिचे कथन तिच्याच बोलीत टिपावे अथवा ध्वनिमुद्रित करावे. सांगणाऱ्याचे वय, गाव, नोंदीची तारीख आणि ही माहिती कोणाकडून ऐकली, हे आवर्जून लिहावे. दोन घराण्यांच्या हकिकती भिन्न असल्यास दोन्ही ठेवाव्यात. त्यांची सरमिसळ करू नये. देवळाचे मान, शेतांची व पाणवठ्यांची नावे, मिरवणुकीचा मार्ग यांचीही नोंद व्हावी.

कागद जीर्ण झाला तरी त्याची नक्कल करता येते. जाणत्या माणसासोबत गेलेली हकिकत मात्र परत मिळत नाही. म्हणूनच प्रत्येक गावाने आपले हे अलिखित दप्तर वेळीच लिहून घेणे अगत्याचे आहे.