कॅम्पर ट्रक बोटीवर चढवण्यापूर्वी

बंदर : नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याला जवळचं न्हावा शेवा, म्हणजे जेएनपीए (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण). १९८९पासून सुरू.

कार्नेट : परदेशी गाडी सीमाशुल्क न भरता तात्पुरती आणण्याचा हमीदस्तऐवज. मुदत साधारण १ वर्ष. देश सोडताना कस्टम्सचा शिक्का अत्यावश्यक. तो राहिला तर शुल्काची मागणी येऊ शकते.

कंटेनर की रो-रो (गाडी चालवत चढवायचं जहाज)? साध्या कंटेनरचं दार सुमारे २.२८ मीटर उंच, हाय-क्यूबचं २.५८. उंची टपावरच्या सामानासकट मोजावी. त्याहून उंच ट्रक रो-रो जहाजावर किंवा फ्लॅट रॅकवर (बाजू आणि छत नसलेला कंटेनर).

तयारी : गॅस सिलिंडर काढणं, डिझेल कमी ठेवणं, बॅटरीची जोडणी सोडणं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी चाकांतली माती आणि बियाही धुवाव्या लागतात.

बोटीची वाट पाहताना : ठाणे खाडीतले रोहित पक्षी (हिवाळ्यात), घारापुरीची लेणी, १९८७पासून जागतिक वारसा.