‘माझं हाटेल व्हतं’ एवढंच लिहू?

दुपारची कामं आवरून जरा पडावं म्हटलं, तर दारात कोपरखैरण्याच्या वहिनी. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकचं फोल्डर. ‘ताई, बायोडेटा लिहून द्या,’ म्हणाल्या. मी फोल्डर उघडलं. आत एक कागद भाच्यानं सायबर कॅफेतून टाइप करून आणलेला होता. त्यावर नाव, जन्मतारीख, उंची, रास, माहेरचं आडनाव, मुलं किती, आणि शेवटी एक ओळ : ‘स्वयंपाकाची आवड’.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. लग्नाचा आणि नोकरीचा बायोडेटा आपल्याकडे अजून एकाच साच्यातून निघतो. ज्या बाईनं पंधरा वर्षं तुर्भ्याच्या बाजूला खाणावळ चालवली, तिच्या कागदावर काय, तर ‘आवड’!

वहिनी मूळच्या पाटण तालुक्यातल्या. यजमान मार्केटात माथाडी. २००६ साली त्यांनी चार टेबलांवर खाणावळ सुरू केली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गिऱ्हाईक गावाकडे गेलं. भाडं अंगावर चढत राहिलं, तेव्हा २०२१ मध्ये त्यांनी किल्ली मालकाच्या हातात दिली. पुढं दिवाळीचा फराळ, थोडे डबे असं चाललं होतं. आता यजमानांना अर्धांगाचा झटका आला. घरात औषधं आहेत. वहिनींना आता दर महिन्याला ठरलेला पगार, पीएफ आणि मुख्य म्हणजे ईएसआयचं कार्ड हवं होतं. विमानतळ सुरू झाल्यापासून, म्हणजे २५ डिसेंबर २०२५ पासून, आमच्या भागात ‘किचनमध्ये माणसं पाहिजेत’ ही वाक्यं वरचेवर कानावर येतात. ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांची कँटीनं तर आधीपासूनच आहेत. तशाच एका कँटीनच्या ठेकेदारानं वहिनींना सांगितलं होतं, रेझ्युमे पाठवा.

‘मग लिहा की, माझं हाटेल व्हतं. एवढंच लिहू?’

मैत्रिणींनो, गंमत अशी की ज्यांचं स्वतःचं हॉटेल असतं त्यांचाच बायोडेटा लिहायला सगळ्यात अवघड. नोकरी केलेल्या बाईला हुद्दा असतो, नेमणुकीचं पत्र असतं, सोडताना मिळालेला दाखला असतो. मालकिणीला दाखला कोण देणार? आणि वाचणाऱ्याच्या मनात दोन शंका असतात. ही बाई मालकीण होती, आता दुसऱ्याचं ऐकेल का? आणि चार पैसे जमले की परत स्वतःचं दुकान टाकून निघून जाईल का? या दोन्ही शंकांना कागदावरच उत्तर द्यावं लागतं.

पण त्याआधी वेगळाच पेच निघाला. मी विचारलं, ‘खाणावळीचे कागद आहेत?’ वहिनींनी गुमास्ता काढला, फूड लायसन काढलं. सगळीकडे यजमानांचं नाव. भाडेकरार त्यांचा, गॅसचं कनेक्शनही त्यांचंच.

‘आणि भाजी कोण करायचं?’

‘भाजी मीच.’

‘खरेदी?’

‘मीच. पहाटे मार्केटात.’

‘हिशेब?’

‘त्यो बी मीच. ह्यांची तर ड्युटी असायची.’

म्हणजे कागदावर या बाईनं पंधरा वर्षांत काहीच केलेलं नव्हतं. हा अनुभव वहिनींचा एकटीचा नाही. गिरणगावात शेकडो बायकांनी कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना वर्षानुवर्षं जेवायला घातलं. घरच्या चुलीवर खाणावळ चालायची म्हणून जगाच्या लेखी ते घरकामच होतं. किराणा उधारीवर आणि व्याज सावकाराचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. पुढं वाशीतही मंडळाचं केंद्र झालं. प्रेमाताईंच्या कामाचं मोल कर्जाच्या रकमेपेक्षा मोठं आहे असं मला नेहमी वाटतं. खाणावळवालीचं नाव बँकेच्या वहीत चढलं, म्हणजे ती काम करते हे पहिल्यांदा लिहिलं गेलं.

तर वहिनींच्या बाबतीत काय लिहायचं? ‘मालक’ लिहिलं आणि उद्या कुणी लायसन मागितलं, तर खोटं पडेल. मला खोटं नको होतं, आणि खरं दडपायचंही नव्हतं. शेवटी असं लिहिलं : ‘पतीच्या नावे नोंदणी असलेल्या कौटुंबिक खाणावळीची संपूर्ण जबाबदारी : स्वयंपाक, खरेदी, हिशेब आणि कामगार. २००६ ते २०२१.’ त्याखाली लायसनचा चौदा आकडी नंबर दिला. कुणालाही पडताळून पाहता येईल. ज्या मैत्रिणींची खाणावळ, पोळीभाजी केंद्र आज चालू आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, निदान भागीदार म्हणून तरी आपलं नाव कागदावर घालून घ्या. ‘घरातलंच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

मग प्रश्न आला की काम किती होतं हे सांगायचं कसं. वहिनी म्हणाल्या, ‘लय काम असायचं.’ लय म्हणजे किती? आठवेना. तेवढ्यात म्हणाल्या, वह्या आहेत की! दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या दोनशे पानी वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. कडा तेलकट, मध्येच हळदीचे डाग. त्यात उधारी, दुधाचा रतीब, कोण कामावर आलं नाही, कांद्याचा भाव, सगळं त्यांच्या हातचं. त्या वह्यांत आमचा अख्खा बायोडेटा होता. दुपारी ऐंशी थाळ्या आणि पन्नास डबे. रोज बारा किलो कणीक, दहा किलो तांदूळ. हाताखाली तीन बायका आणि भांड्याला एक पोरगा. शेवटच्या वर्षी सत्तर रुपयांच्या थाळीत अडतीस रुपयांचा माल पडत होता, तोही त्यांनी मांडून ठेवला होता. मोठ्या हॉटेलात यालाच ‘फूड कॉस्ट’ म्हणतात आणि त्यासाठी इंग्रजी बोलणारी माणसं ठेवतात. मी वहिनींना तसं सांगितलं, तर त्यांना खरं वाटेना.

तुमच्याकडे वह्या नसतील तर डोकं चालवा. महिन्याला सिलिंडर किती लागायचे, पिठाची गोणी किती दिवस पुरायची, यावरून आकडा निघतो. ‘उत्कृष्ट’, ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ हे शब्द सगळेच लिहितात आणि वाचणारा ते गाळूनच वाचतो. ‘१३० जणांचं जेवण दुपारी साडेबाराला तयार’ हे तो गाळू शकत नाही.

पदार्थांची मात्र वहिनींनी चाळीस ओळींची यादी काढली होती, अगदी पापडापर्यंत. ती मी कापली. कँटीनला कामाचे तेवढे ठेवले : घाटी मसाल्याचं मटण, चवळी-मटकीच्या उसळी, पिठलं-भाकरी, जैन जेवण, उपासाचे पदार्थ. चायनीज येतं का? ‘पोरांनी केलेलं बघितलंय.’ मग नको. जे विचारलं तर उभ्या उभ्या करून दाखवता येईल तेवढंच लिहायचं, कारण या धंद्यात मुलाखत म्हणजे ट्रायल. तिथं ओट्यापाशी उभं करतात.

शिक्षण आठवी. वहिनींना ते पहिल्या ओळीत नको होतं आणि मलाही नको होतं. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांनी शिक्षण वर लिहावं, पंधरा वर्षं राबलेल्यांनी अनुभव वर लिहावा. पण एक काम मी त्यांना करायला लावलं. अन्नसुरक्षेचं जे सरकारी खातं आहे, एफएसएसएआय, त्यांचं ‘फॉस्टॅक’ नावाचं छोटं प्रशिक्षण असतं. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर हवा, अशी अपेक्षा असल्यामुळे ठेकेदारांना असं सर्टिफिकेट असलेलं माणूस हवंच असतं. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं, थंड ५ च्या खाली, कच्चं मटण आणि शिजलेलं वेगळं. वहिनी परत येऊन म्हणाल्या, ‘ताई, ह्यातलं निम्मं मी करतच होते, फक्त अंश ठाऊक नव्हते.’ कौशल्य विकास योजनेत आरपीएल नावाचा प्रकारही आहे, आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. जवळ केंद्र असेल तर जरूर चौकशी करा.

हुद्द्यावरून आमचा थोडा वाद झाला. भाचा म्हणाला, ‘एक्झिक्युटिव्ह शेफ’ टाका, झकास दिसतं. पण हॉटेलच्या किचनची उतरंड असते : खाली कॉमी, मग एकेक विभाग सांभाळणारा शेफ द पार्टी, मग सू शेफ, आणि सगळ्यात वर हा एक्झिक्युटिव्ह. खाणावळीवरून थेट तिथं उडी मारली तर लोक हसतील. आणि ‘हेल्पर’ लिहिलं तर तेवढाच पगार देतील. आम्ही लिहिलं, ‘मुख्य आचारी व किचन सुपरवायझर, महाराष्ट्रीय जेवण’.

मधल्या वर्षांची रिकामी जागा तशीच ठेवली नाही. ‘२०२१ पासून घरून फराळ व डब्यांच्या ऑर्डरी’ असं लिहिलं. खाणावळ का बंद झाली, तेही एका ओळीत, रडगाणं न गाता. आणि त्या दोन शंकांचं उत्तर शेवटी, वहिनींच्याच शब्दांत, मी फक्त शुद्धलेखन सुधारलं : ‘आता स्वतःचा धंदा करायचा नाही. ठरलेल्या वेळेची, कायमची नोकरी हवी आहे. हिशेब आणि माणसं सांभाळण्याची सवय आहे, आणि वरच्यांना हिशेब देण्याचीही तयारी आहे.’ ओळखीसाठी दोन नावं, एक किराणा दुकानदार आणि एक डबे घेणाऱ्या ऑफिसातले साहेब. दोघांना आधी फोन करून विचारलं. सगळं मिळून एक पान झालं. वहिनींना ते कमी वाटलं, दोन तरी हवीत म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

ठेकेदाराकडून आठ दिवसांनी बोलावणं आलं. साठ माणसांची डाळ आणि एक भाजी करायला सांगितली. वहिनींनी आधी काय मागितलं असेल? काटा. डाळ मोजून घेतली, उरलेली डब्यात परत घातली. तिथल्या मॅनेजरनं पहिल्यांदा पगार सांगितला तो हेल्परचा. वहिनींनी तो कागद पुढं केला आणि सुपरवायझर लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत म्हणे. दोन दिवसांनी आकडा वाढवून फोन आला. मागितलेला सगळा नाही मिळाला, पण ईएसआयचं कार्ड मिळालं.

गेल्या रविवारी पेढे घेऊन आल्या होत्या. नेमणुकीचं पत्र दाखवलं, स्वतःच्या नावाचं. लॅमिनेट करून आणलं होतं. मी म्हटलं, अहो वहिनी, मूळ कागद असा लॅमिनेट करायचा नसतो, पुढं कुठं सही-शिक्का लागला तर काय करणार?

‘राहू द्या ताई,’ त्या म्हणाल्या, ‘किचनमध्ये तेलाचे हात लागतात.’