वाहनतळाची किंमत घराच्या हप्त्यात

गृहकर्जाचा अर्ज भरताना ग्राहक सदनिकेचे क्षेत्रफळ, व्याजदर आणि हप्ता यांचा बारकाईने विचार करतो. परंतु त्याच किमतीत दडलेली एक बाब सहसा त्याच्या नजरेतून सुटते. ती बाब म्हणजे वाहन उभे करण्याची जागा. नवी इमारत बांधताना किती गाड्यांची सोय केलीच पाहिजे, हे शहराची विकास नियंत्रण नियमावली ठरवीत असते. ही सक्ती कमी करावी की नाही, हा प्रश्न आज जगभर चर्चिला जात आहे. वरकरणी तो नगररचनाकारांचा वाटला तरी त्याचा संबंध थेट आपल्या खिशाशी आहे.

आपल्या सेक्टर 10 च्या रहिवाशांना तर हा विषय चटकन उमजावा. 1955 मध्ये झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना आकारास आला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसलेल्या या नगरीतील सेक्टर सायकलच्या जमान्यातले. पाळी बदलताना रस्त्यावरून वाहणारा सायकलींचा ओघ हीच तेव्हाची वाहतूक होती. प्रत्येक क्वार्टरमागे मोटारीसाठी जागा राखावी, असा विचार त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. आज त्याच क्वार्टरांसमोर मोटारी उभ्या दिसतात. मग नव्या इमारतींना अधिक पार्किंगची सक्ती करावी, असे आपल्यापैकी अनेकांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या सक्तीचे मोल कोण देतो, हे आधी तपासले पाहिजे.

एका मोटारीला किती जागा?

मोटार उभी राहते तेवढ्याच जागेने भागत नाही. तिला आत येण्यास, वळण्यास आणि बाहेर पडण्यासही वाट लागते. दिल्लीच्या बृहत् आराखडा-2021 मध्ये एका मोटारीसाठी उघड्यावर 23 चौरस मीटर, इमारतीखालील आच्छादित जागेत 28 चौरस मीटर आणि तळघरात 32 चौरस मीटर क्षेत्र धरले आहे. याउलट 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरासाठी धरलेले कार्पेट क्षेत्र 30 चौरस मीटरपर्यंतचे होते. म्हणजे तळघरातील एक मोटार अशा एका कुटुंबाच्या घराहून अधिक जागा व्यापते!

आता हिशेब मांडून पाहू. केवळ उदाहरणादाखल तळघराच्या बांधकामाचा खर्च दर चौरस मीटरला 25,000 रुपये धरला, तर 32 चौरस मीटरचे 8 लाख रुपये होतात. ही संपूर्ण रक्कम 8.5 टक्के व्याजाने 20 वर्षांच्या कर्जात आली, तर दरमहा सुमारे 6,940 रुपयांचा हप्ता पडेल आणि कर्ज फिटेपर्यंत सुमारे 16 लाख 66 हजार रुपये भरावे लागतील. ज्याच्याकडे मोटार आहे, त्याने हा भार उचलणे न्याय्यच होय. पण 2011 च्या जनगणनेनुसार देशातील अवघ्या 4.7 टक्के कुटुंबांकडे मोटार होती, तर सायकल 44.8 टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर मोटारी निश्चितच वाढल्या. तरीही मोटार नसलेली कुटुंबेच आजही बहुसंख्य आहेत. सक्तीच्या पार्किंगचा खर्च सदनिकेच्या दरात मिसळला की सायकलवाल्याने मोटारवाल्याचा भार उचलल्यासारखे होते.

कॅलिफोर्नियातील अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' या ग्रंथात नेमके हेच प्रतिपादन केले. लंडनने 2004 च्या आराखड्यात किमान पार्किंगची अट सोडून कमाल मर्यादा घातली. अमेरिकेतील बफेलो शहराने 2017 मध्ये किमान पार्किंगची सक्ती शहरभर रद्द केली.

मुंबईचे पाऊल

आपल्याकडेही हे वारे पोहोचले आहे. मुंबईच्या 1991 च्या नियमावलीत 70 चौरस मीटरहून मोठ्या प्रत्येक सदनिकेमागे दोन मोटारींची जागा बंधनकारक होती. 2018 मध्ये मंजूर झालेल्या 2034 च्या नियमावलीत ही दोन मोटारींची अट 90 चौरस मीटरहून मोठ्या सदनिकांपुरती राहिली. साहजिकच 80 चौरस मीटरच्या सदनिकेची सक्ती दोनवरून एकवर आली. 45 चौरस मीटरपर्यंतच्या लहान सदनिकांना चार घरांमागे एक जागा पुरते. उर्वरित महाराष्ट्रातील बहुतेक शहरांसाठी डिसेंबर 2020 मध्ये एकत्रिकृत नियमावली आली. तीतही सदनिका जितकी लहान तितकी मोटारींची अट सौम्य असून दुचाकींचा हिशेब स्वतंत्र ठेवलेला आहे.

दुसरी बाजू

या धोरणावरील आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. इमारतीत जागा नसली तर गाड्या रस्त्यावर येतील आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशामक बंब अडून राहील, ही भीती रास्तच आहे. म्हणूनच सक्ती कमी करताना रस्त्यावरील जागेलाही शिस्त आणि मोल हवे. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पार्किंगचे शुल्क जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे, असे सुचविले होते. पुणे महापालिकेने मार्च 2018 मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण संमत केले, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. फुकटाची सवय मोडणे किती अवघड असते, याचाच हा दाखला. जपानमध्ये 1962 च्या कायद्याने मोटार घेणाऱ्यावरच जागेचा पुरावा देण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीही 2025 मध्ये तसा मनोदय जाहीर केला होता. घर घेणाऱ्या प्रत्येकावर बोजा टाकण्यापेक्षा मोटार घेणाऱ्याकडून जागेची हमी घेणे अधिक न्याय्य नव्हे काय?

ग्राहकांनी काय पाहावे?

आपल्या परिसरातील अनेक मराठी कुटुंबे नागपूर वा पुणे येथे सदनिका घेण्याचा विचार करीत असतात. त्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2010 मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात निर्णय दिला, की उघडी किंवा इमारतीच्या खांबांमधील स्टिल्ट पार्किंगची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येणार नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानेही उघड्या पार्किंगचा समावेश सामायिक क्षेत्रात केला आहे. आच्छादित जागा घेत असाल तर तिचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची करारनाम्यात नमूद करून घ्यावी. महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने एप्रिल 2024 मध्ये तसा आदेशच काढला आहे. या जागेची किंमत सदनिकेच्या किमतीहून वेगळी सांगण्याचा आग्रह धरावा, आणि मोटार घेण्याचा विचार नसेल तर ही जागा वगळून सदनिका मिळेल काय, हेही विचारावे.

घर माणसांसाठी बांधले जाते. मोटारीची सोय हवी त्याने ती अवश्य घ्यावी, परंतु तिचे मोल त्याला स्पष्ट दिसावे आणि ते त्यानेच द्यावे. कर्जाच्या कागदांवर स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाने एवढा एक प्रश्न विचारला, तरी त्याच्या हप्त्यातील काही हजार रुपये वाचू शकतील.