दोन वर्षांची लुडबुड
दोन वर्षांचं मूल भाजी निवडायला शेजारी येऊन बसलं, की आपण त्याच्यापुढे खेळणं किंवा मोबाइल सरकवतो. माझ्या मते चूक तिथेच होते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं मुलांच्या हाती दिली. चिमटीत धरणं, निवडणं, मोजणं त्यातूनच आलं. स्वयंपाकघरात हे सगळं आहेच. कामाला उशीर होतो, सांडलवंड होते, हे खरं; दाणा नाकात जाण्याची भीतीही रास्त आहे. म्हणून बटाटे, वाट्या द्याव्यात आणि शेजारून हलू नये. बेळगोळसारख्या कन्नड गावातल्या मराठी घरात तर देठ, साल, चिमूट हे शब्द मुलाला इथेच मिळणार. कन्नड अंगणात भेटतंच.