रोमच्या भूमीतील ग्रीक अक्षरे

रोम हे लॅटिन भाषेचे माहेरघर. तथापि तेथील आरंभीच्या ख्रिस्ती थडग्यांवर पुष्कळ ठिकाणी ग्रीक अक्षरे कोरलेली आढळतात. कारण उघड आहे. हा समाज प्रथम वाढला तो साम्राज्याच्या पूर्व भागातून आलेल्या व्यापारी, कारागीर आणि दासांच्या वस्तीत, आणि त्यांच्या घरची भाषा ग्रीक होती. संत पॉलने रोमकरांना पत्र धाडले तेही ग्रीकमध्येच.

रोमबाहेर आपिया मार्गावर कॅलिस्टसची भुयारी दफनभूमी आहे. तेथे जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी या संशोधकाने १८५४ मध्ये तिसऱ्या शतकातील पोपांचे दफनदालन शोधून काढले. पॉन्तिआनुस, फाबिआनुस, लुसिउस ही नावे अस्सल लॅटिन. परंतु त्यांच्या शिलांवर ती उमटली आहेत ग्रीक लिपीत! स्तुतिपर मजकूर नाही. नाव आणि फार तर पद, एवढेच. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसिअसच्या काळी प्राणास मुकलेल्या फाबिआनुसच्या शिलेवर 'हुतात्मा' या अर्थाची संक्षिप्त अक्षरे मागाहून जोडलेली दिसतात.

याच दफनभूमीच्या दुसऱ्या भागात, २५३ मध्ये निवर्तलेल्या कॉर्नेलिउसचा लेख मात्र लॅटिनमध्ये आहे. पण पुढच्याच वर्षी वारलेल्या लुसिउसची शिला पुन्हा ग्रीक, आणि २८३ मधील युटिकिआनुसचीही ग्रीकच. म्हणजे भाषापालट एका दिवसात झाला नाही. काही सामान्यांच्या थडग्यांवर तर शब्द लॅटिन आणि अक्षरे ग्रीक, असाही मेळ दिसतो.

व्हॅटिकन परिसरात सापडलेली, लिसिनिया अमिआस नावाच्या स्त्रीची शिला आज रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर नाव आणि गौरवाचे शब्द लॅटिनमध्ये आहेत. मात्र नांगर व दोन मासे यांच्या वर 'जीवितांचा मासा' हे दोनच शब्द ग्रीकमध्ये कोरले आहेत. 'मासा' या अर्थाच्या 'इख्थिस' या ग्रीक शब्दाच्या पाच अक्षरांतून 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणहार' असा अर्थ निघे. लॅटिनमध्ये तो साधला नसता.

चौथ्या शतकात पोप दामासुस याने त्याच दालनात पूर्वसूरींच्या स्मरणार्थ काव्यलेख बसविला, तो लॅटिनमध्ये. तोवर समाज पुरता रोमकर झाला होता.

परप्रांती पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना या शिला काही सांगतात, असे आम्हांस वाटते. बाजाराची भाषा आधी बदलते, मग घरची. देवाची आणि मृत्यूची भाषा मात्र सर्वांत शेवटी. रोमच्या त्या घरांतून ग्रीक बोली निघून गेल्यावरही तिची अक्षरे दगडावर राहिली, म्हणूनच ती माणसे कोठून आली होती हे आज आपणांस कळते.