विमानाच्या वाटेतील पक्षी

आकाशातून गर्जना करीत जाणारे लढाऊ विमान पाहिले, म्हणजे या यंत्राला शत्रूच्या माऱ्यावाचून दुसरे भय नसावे, असे मुलांस वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. शांततेच्या काळातही एखादी घार किंवा इवलीशी कुंभारीण माशी वैमानिकाचे प्राण संकटात घालू शकते.

पक्षी हलका खरा. परंतु आघात केवळ वजनावर अवलंबून नसतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते व वेग तिप्पट झाला की नऊपट. शिवाय जेट इंजिन समोरची हवा जोराने आत ओढते. तिच्याबरोबर पक्षी आत गेल्यास फिरती पाती वाकतात वा तुटतात आणि इंजिन बंद पडू शकते. अशा बहुतेक टकरी विमान वर चढताना किंवा खाली उतरताना होतात. कारण पक्ष्यांचा वावरही जमिनीलगतच असतो. वैमानिकास विचार करावयास तेव्हा काही क्षणच मिळतात.

२२ सप्टेंबर १९९५ रोजी अलास्कातील एल्मेनडॉर्फ तळावरून अमेरिकेच्या वायुदलाचे चार इंजिनांचे टेहळणी विमान उडाले. धावपट्टीजवळचा रानहंसांचा थवा उठला आणि काही पक्षी डाव्या बाजूच्या दोन इंजिनांत शिरले. विमान कोसळून आतील सर्व २४ जण मृत्युमुखी पडले.

आपल्या देशात २७ जून २०१९ रोजी अंबाला येथे भारतीय वायुदलाच्या जग्वार विमानास उड्डाणानंतर लगेच पक्ष्याची धडक बसून त्याचे एक इंजिन निकामी झाले. वैमानिकाने प्रसंगावधान राखून बाहेरील इंधनटाक्या व सरावाचे बाँब टाकून दिले, भार हलका केला आणि विमान सुखरूप उतरविले.

उभ्या विमानासही जीवजंतूंचा उपद्रव होतो. विमानाचा वेग समजावा म्हणून त्याच्या बाहेर ‘पिटो’ नावाची बारीक नळी असते. तिच्यात कुंभारीण माशीने मातीचे घर केल्यास वैमानिकास खोटा वेग दिसतो. म्हणून विमान उभे असताना त्या नळीवर आवरण घालतात व उड्डाणापूर्वी ते आठवणीने काढतात. जून २०१६ मध्ये अमेरिकेतील लँगली तळावर एका एफ-२२ विमानाच्या मागील भागावर सुमारे २०,००० मधमाश्यांचे मोहोळ बसले. त्यांना न मारता मधपाळास बोलावून ते अन्यत्र हलविण्यात आले. सुरक्षिततेसाठी जीवहत्या अटळ नाही, हे यावरून दिसते.

पक्षी धावपट्टीकडे येतात ते अन्नाच्या शोधात. उघड्यावर टाकलेली मेलेली जनावरे, खरकटे व उकिरडे यांवर घारी व कावळे जमतात. म्हणूनच विमान नियम, १९३७ यांतील ९१ व्या नियमाने विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात जनावरे कापणे व घाण टाकणे यांस मनाई केली.

पुण्याजवळील लोहगावसारख्या तळांच्या आसपासच्या शाळांतील शिक्षकांनी परिसर अभ्यासाच्या तासाला हा विषय अवश्य घ्यावा. आपल्या परिसरात घारी कोठे जमतात व का जमतात, याची नोंद मुलांकडून करवून घ्यावी आणि ती ग्रामपंचायतीपुढे ठेवावी. गावाचा उकिरडा झाकला गेला, तर रोगराई हटेलच. शिवाय वर उडणाऱ्या एखाद्या वैमानिकाचा प्राणही वाचेल.